बचावाचा कारभारी

इंग्लंडातील फौजदारी न्यायालयाचे जे चित्र आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या मनावर कादंबऱ्यांनी आणि पुढे बोलपटांनी ठसविले आहे, त्याच्या मध्यभागी असतो तो केसांचा टोप आणि काळा झगा घातलेला, उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडणारा आणि अखेरच्या भाषणात ज्यूरीचे अंतःकरण हलविणारा बॅरिस्टर. परंतु ज्या कागदपत्रांच्या आधारावर हा बॅरिस्टर बोलतो ती जमविणारा, जो साक्षीदार तो पुढे करतो त्याला गल्लीबोळांतून हुडकून आणणारा, आरोपीच्या आईची समजूत घालणारा आणि अटकेच्या पहिल्या रात्री पोलीस ठाण्यावर जाऊन आरोपीच्या शेजारी बसणारा जो इसम, तो या चित्रात कोठेच नसतो. खटला उभा राहतो तेव्हा तो झगेवाल्याच्या मागच्या बाकावर टिपणे घेत बसलेला असतो आणि निकाल लागला की दप्तर आवरून निघून जातो. या इसमास सॉलिसिटर म्हणतात. फौजदारी बचावाच्या कामात खटल्याचे भवितव्य बहुतेक वेळा त्याच्याच हाती ठरते, आणि तेही न्यायालयाची पायरी चढण्याच्या पुष्कळ आधी, असे माझे मत आहे. या प्रकरणात सांगावयाचे आहे ते मुख्यतः याच कामाविषयी.

मुंबईकर वाचकास ही विभागणी अगदीच अपरिचित नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत १९७६ पर्यंत हीच द्विविध पद्धती रूढ होती. अशील सॉलिसिटराकडे जाई, सॉलिसिटर कागद तयार करून बॅरिस्टरास किंवा ॲडव्होकेटास काम देई, आणि अशिलाने परस्पर बॅरिस्टराचे दार ठोठावणे शिष्टाचारास सोडून मानले जाई. मात्र फोर्टमधील त्या जुन्या पेढ्यांचा लौकिक होता तो गहाणखते, मृत्युपत्रे, विश्वस्तनिधी आणि गिरण्यांचे करारनामे यांसाठी. चोर, दरोडेखोर आणि खुनाचे आरोपी हे ज्याचे नित्याचे अशील, असा सॉलिसिटर ही खास इंग्लंडची, आणि त्यातही लंडनसारख्या मोठ्या शहरांची, निपज होय.

ही जात निर्माण होण्यास वेळ लागला, कारण मुळात आरोपीस वकील असावा हीच कल्पना इंग्रजी न्यायपद्धतीस फार उशिरा सुचली. राजद्रोहाच्या आरोपीस वकिलाची मुभा मिळाली १६९६ साली. किरकोळ गुन्ह्यांत वकील पूर्वीपासून चालत असे. पण चोरी, दरोडा, खून यांसारख्या ज्या अपराधांना फाशीची सजा होती त्यांत आरोपीने स्वतःच बोलावे, सत्य सांगण्यास विद्वत्ता लागत नाही, आणि कायद्याचा प्रश्न निघालाच तर न्यायाधीश त्याचा सांभाळ करतील, असे त्या काळचे शहाणे लोक गंभीरपणे प्रतिपादन करीत. दंड व्हावयाचा असेल तर वकील आणि मान जावयाची असेल तर ईश्वर, अशी ही विलक्षण वाटणी होती. १७३० च्या दशकापासून न्यायाधीश आपल्या मर्जीने आरोपीच्या वकिलास साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ देऊ लागले; त्या शतकाच्या अखेरीस विल्यम गॅरो या तरुण बॅरिस्टराने ओल्ड बेलीच्या न्यायालयात उलटतपासणीची कला इतकी धारदार केली की बक्षिसाच्या लोभाने खोट्या साक्षी देणाऱ्यांची पळता भुई थोडी झाली, आणि दोष शाबीत होईपर्यंत मनुष्य निर्दोष समजावा हे तत्त्व १७९१ साली त्याने भर न्यायालयात बोलून दाखविले. तरीही ज्यूरीला उद्देशून भाषण करण्याचा अधिकार आरोपीच्या वकिलास मिळाला तो १८३६ च्या कायद्याने.

बॅरिस्टराला न्यायालयात असा शिरकाव मिळू लागताच त्याला माहिती पुरविणाऱ्या, न्यूगेटच्या तुरुंगात जाऊन कैद्यांची हकीकत लिहून घेणाऱ्या माणसाची गरज उत्पन्न झाली, आणि ही गरज ज्यांनी भागविली त्या ॲटर्नींची, म्हणजे त्या काळच्या सॉलिसिटरांची, सभ्य समाजात फारशी बूज नव्हती. त्यांच्यापैकी एकाचे चरित्र मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. जेम्स हार्मर हा १७७७ साली जन्मलेला, स्पिटलफील्ड्सच्या एका विणकराचा मुलगा. लहानपणीच पोरका झाला, ॲटर्नीच्या कचेरीत उमेदवारी करून स्वतः ॲटर्नी बनला, आणि पुढे ओल्ड बेलीच्या आवारात त्याच्याइतके काम कोणाकडेच नसे. १८०७ साली होलोवे आणि हॅगर्टी या दोघांना एका खुनाबद्दल फाशी झाली. फाशी पाहावयास जमलेल्या गर्दीत चेंगरून सुमारे तीस माणसे मेली, आणि लंडनभर चर्चा झाली ती मुख्यतः त्या चेंगराचेंगरीची. हार्मरने या गर्दीचा गलबला शमल्यानंतर खटल्याचे कागद छापून काढले आणि ते दोघे निरपराध होते असे दाखविण्याचा प्रयत्न केला. अशील मेल्यावर फी मिळत नाही. तरीही ज्याला मेलेल्या अशिलाचे दप्तर बंद करवत नाही, असा माणूस या धंद्याच्या आरंभीच उभा आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढे हार्मर वृत्तपत्राचा मालक आणि लंडन नगरीचा आल्डरमन झाला. लॉर्ड मेयरचे पद मात्र त्याच्या हातून निसटले.

डिकन्सच्या १८६०-६१ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधील जॅगर्स हा वकील हार्मरवरून घेतला असावा असा तर्क आहे. खुद्द डिकन्स कोवळ्या वयात, १८२७ च्या सुमारास, ग्रेज इनमधील एका ॲटर्नीच्या कचेरीत कारकून होता, तेव्हा ही माणसे त्याने जवळून पाहिली होती. प्रत्येक अशील गेला की जॅगर्स सुगंधी साबणाने हात धुतो. या एका लकबीत वाचकांनी धंद्याचा कलंक पाहिला. पण मला त्यातील दुसरी लकब अधिक मार्मिक वाटते. अशील काही सांगू लागला की जॅगर्स त्याला मध्येच अडवितो, जेवढे विचारले तेवढेच बोल म्हणून दटावितो. हे निव्वळ ढोंग म्हणावे, तर धंद्याच्या एका खऱ्या पेचाकडे दुर्लक्ष होईल.

तो पेच १८४० साली चव्हाट्यावर आला. लॉर्ड विल्यम रसेल या वृद्ध सरदाराचा राहत्या घरी गळा चिरून खून झाला आणि त्याचा स्विस खिदमतगार फ्रांस्वा कुर्व्हाझिये याच्यावर आरोप आला. खटला चालू असता, चोरीस गेलेली चांदीची भांडी लेस्टर स्क्वेअरजवळच्या एका फ्रेंच हॉटेलात सापडली. ते कळताच आरोपीने आपल्या दोन्ही बॅरिस्टरांना पिंजऱ्याजवळ बोलावून खून आपणच केल्याचे सांगितले आणि तुम्ही मात्र माझा बचाव शेवटपर्यंत करावा असाही आग्रह धरला. चार्ल्स फिलिप्स हा त्यांतील प्रमुख. तो इतका गोंधळला की त्याने न्यायासनावर बसलेल्या, पण प्रत्यक्ष खटला न चालविणाऱ्या, बॅरन पार्कचा खासगीत सल्ला घेतला; काम सोडता येणार नाही असे उत्तर मिळाले. कुर्व्हाझिये फाशी गेला, ती फाशी पाहण्यास डिकन्स आणि थॅकरे दोघेही हजर होते, आणि फिलिप्सच्या भाषणाबद्दल वृत्तपत्रांनी त्याची पुढे अनेक वर्षे निर्भर्त्सना केली. या वादातून धंद्याचा जो नियम हळूहळू स्थिर झाला तो आजतागायत टिकून आहे: अशिलाने गुन्हा कबूल केला तरी त्याचा वकील सरकारी पुराव्याची कसून तपासणी करू शकतो, तो अपुरा आहे असे म्हणू शकतो; पण अशील त्या वेळी दुसऱ्या गावी होता, किंवा खून दुसऱ्याच कोणी केला, असे खोटे कथानक तो न्यायालयापुढे मांडू शकत नाही, आणि आरोपीने तसे शपथेवर सांगण्याचा हट्ट धरला तर त्याला काम सोडणे भाग पडते.

‘गुन्हेगार आहे हे ठाऊक असून तुम्ही त्याचा बचाव कसा करता?’ हा प्रश्न प्रत्येक फौजदारी वकिलाला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याला वरील नियम ठाऊक नसतो. शिवाय बहुतेक वेळा वकिलाला ‘ठाऊक’ असे काहीच नसते. त्याच्यापुढे दोन विसंगत हकीकती आणि अर्धवट कागद असतात. न्याय करण्याचे काम समाजाने त्याच्याकडे सोपविलेले नाही. पुरावा देण्याचा बोजा सरकारवर आहे, आणि तो सरकारने खरोखर उचलला की नाही एवढेच त्याला पाहावयाचे असते. हा बोजा कोणाचा याविषयी विसाव्या शतकातही घोळ होता. १९३४ च्या डिसेंबरात रेजिनल्ड वूलमिंग्टन या एकवीस वर्षांच्या शेतमजुराच्या हातून बंदूक सुटून त्याची पत्नी ठार झाली. बंदूक चुकून उडाली असे तो म्हणाला. टॉन्टनच्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. ब्रिस्टलच्या ज्यूरीला न्यायाधीशांनी सांगितले की अपघात होता हे आरोपीनेच सिद्ध केले पाहिजे, आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. १९३५ साली लॉर्डांच्या सभागृहाने ती रद्द केली. इंग्रजी फौजदारी कायद्याच्या विणीत एक सोन्याचा धागा आहे आणि तो म्हणजे दोष सरकारने शाबीत करावयाचा हा होय, असा लॉर्ड सँकी यांच्या निर्णयाचा आशय आहे.

इतके असूनही गरिबाला वकील मिळण्याची वाट अरुंदच होती. १९०३ आणि १९३० च्या कायद्यांनी दरिद्री कैद्यांच्या बचावाची काही सोय झाली, आणि १९४९ साली कायदेशीर मदतीचा व्यापक कायदा झाला. परंतु ही मदत न्यायालयापासून सुरू होई. पोलीस ठाण्यात बंद दाराआड जे घडे तेथे सॉलिसिटरचा पाय क्वचितच लागे, आणि आरोपीचा कबुलीजबाब तर तेथेच लिहून घेतला जाई.

एप्रिल १९७२ मध्ये लंडनच्या कॅटफर्ड भागात मॅक्सवेल कॉन्फेट या तरुणाचे प्रेत एका जळत्या घरात सापडले. पोलिसांनी तीन मुलांना पकडले. थोरला अठरा वर्षांचा, पण बुद्धीने आठ वर्षांच्या पोराएवढा. दुसरा पंधरा वर्षांचा आणि तिसरा चौदा. आईबाप नाहीत, वकील नाही, अशा स्थितीत त्यांची तपासणी होऊन कबुलीजबाब लिहिले गेले आणि त्यांच्याच बळावर तिघांना शिक्षा झाली. मृत्यूची वेळ आणि कबुलीतील वेळ जुळत नाही, ही गोष्ट अपील न्यायालयाने मान्य करून १९७५ साली त्यांची सुटका केली, तोवर तीन वर्षे उलटली होती. माजी न्यायाधीश सर हेन्री फिशर यांची चौकशी, तिच्या मागोमाग शाही आयोग, आणि त्या आयोगाच्या अहवालावरून १९८४ चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा अशी ही परंपरा आहे. १ जानेवारी १९८६ पासून तो पुरतेपणी अमलात आला आणि सॉलिसिटरच्या कामाचे केंद्र एका रात्रीत कचेरीतून पोलीस कोठडीत हलले.

हे काम आता कसे चालते ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. मनुष्याला ठाण्यावर आणले की तपासाशी संबंध नसलेला एक कोठडी-अंमलदार त्याची जबाबदारी घेतो आणि त्याच्या नावाने नोंदपत्र उघडतो. केव्हा आणले, काय जप्त केले, जेवण केव्हा दिले, डॉक्टर केव्हा आला, सारे त्यात लिहावे लागते. वकील हवा का, असे त्याला विचारतात. हवा म्हटल्यास निरोप एका मध्यवर्ती दूरध्वनी-केंद्राकडे जातो आणि तेथून त्याने नाव घेतलेल्या किंवा त्या रात्री पाळीवर असलेल्या सॉलिसिटरकडे. पाळीच्या सॉलिसिटरने पंचेचाळीस मिनिटांच्या आत ठाण्यावर पोहोचावे अशी अपेक्षा असते, मग घड्याळात रात्रीचे तीन वाजलेले असोत.

तेथे पोहोचल्यावर तो प्रथम नोंदपत्र मागतो, आणि अनुभवी सॉलिसिटर ते सराफाने नाणे पारखावे तसे पारखतो. ठाण्यावर किती वाजता आणले यावर सारे गणित अवलंबून असते, कारण आरोप न ठेवता चोवीस तासांपलीकडे ठेवावयाचे तर वरिष्ठ अधिकाऱ्याचा हुकूम लागतो, छत्तीस तासांपलीकडे मॅजिस्ट्रेटाचा, आणि शहाण्णव तास ही सामान्य गुन्ह्यांतील कमाल मर्यादा. पहिल्या सहा तासांनी आणि नंतर दर नऊ तासांनी अटकेची फेरतपासणी झाली का, सलग आठ तास विश्रांती मिळाली का, मंदबुद्धी किंवा अल्पवयीन असल्यास सोबतीला प्रौढ माणूस आणला का, हे तो नोंदीनोंदींतून शोधतो. मग तपासी अंमलदाराला भेटून पुरावा काय आहे ते विचारतो. अंमलदार सगळे सांगण्यास बांधील नसतो आणि सांगतही नाही. एकजण काढून घेऊ पाहतो, दुसरा राखून ठेवू पाहतो, आणि या दहा-पंधरा मिनिटांच्या सभ्य झटापटीत जे हाती लागते त्यावर पुढला सल्ला ठरतो.

त्यानंतर एका छोट्या खोलीत अशिलाची एकांतात भेट. हा एकांत कायद्याने अभेद्य मानला आहे. किती अभेद्य, याचे उदाहरण म्हणजे लॉर्डांच्या सभागृहाचा १९९५ चा डर्बीचा निर्णय. एका मुलीच्या खुनाची प्रथम कबुली देऊन नंतर आपल्या सावत्र बापाकडे बोट दाखविणारा एक इसम होता. पुढे बापावर खटला झाला तेव्हा, त्या इसमाने आपल्या सॉलिसिटरना पूर्वी काय सांगितले होते ते कागद मागण्यात आले. दुसऱ्या माणसाच्या बचावासाठीसुद्धा ते उघड करता येणार नाहीत, असा निर्णय झाला. कठोर निर्णय आहे. पण ही हमी नसती तर त्या खोलीत कोणी तोंडच उघडले नसते.

सल्ला तीनपैकी एक असतो: उत्तरे द्यावीत, मौन पाळावे, किंवा लेखी निवेदन वाचून मग मौन पाळावे. १९९४ पर्यंत मौनाला किंमत मोजावी लागत नसे. त्या वर्षीच्या कायद्याने पोलिसांनी द्यावयाची समज बदलली: बोललेच पाहिजे असे नाही, पण पुढे न्यायालयात ज्या गोष्टीचा आधार घ्याल ती आता विचारले असता सांगितली नाहीत तर तुमच्या बचावास बाध येऊ शकेल. तेव्हापासून हा सल्ला जोखमीचा झाला. वकिलाने गप्प बसावयास सांगितले म्हणून बसलो, एवढे म्हटल्याने ज्यूरी प्रतिकूल अनुमान काढण्यापासून परावृत्त होईलच असे नाही. आणि वकिलाने तसे का सांगितले याची कारणे उघड करू गेल्यास एकांताचे कवच गळून पडून खुद्द सॉलिसिटरलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचा प्रसंग येतो. केवळ मौनावरून दोषी ठरविता येत नाही, आणि वकिलाची भेटच नाकारली असेल तर असे अनुमान काढता येत नाही, एवढी दोन कुंपणे कायद्याने राखली आहेत.

सॉलिसिटर नुसता हजर असून भागत नाही, हे कार्डिफच्या खटल्याने शिकविले. फेब्रुवारी १९८८ मध्ये लिनेट व्हाइट या तरुणीचा त्या बंदराच्या गावी खून झाला. संशयितांपैकी स्टीफन मिलर हा बुद्धीने अधू. पाच दिवसांत सुमारे तेरा तास त्याची तपासणी झाली, तीनशेहून अधिक वेळा तो ‘मी तेथे नव्हतो’ म्हणाला, आणि अखेर प्रश्नकर्त्यांच्या आरडाओरड्यापुढे त्याने हवे ते कबूल केले. हे सारे ध्वनिफितीवर आहे. आणि त्याच ध्वनिफितीवर, बहुतेक वेळ त्याच्या शेजारी बसलेल्या सॉलिसिटरची शांतताही आहे. तिघांना जन्मठेप झाली. १९९२ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती फीत स्वतः ऐकली, तेव्हा ते हादरून गेले; शिक्षा रद्द झाल्या, आणि पोलिसांच्या जोडीला त्या निष्क्रिय सॉलिसिटरवरही न्यायालयाने ताशेरे झोडले. खऱ्या खुन्याचा छडा त्याच्या एका नातेवाइकाच्या डीएनएवरून लागून २००३ साली त्याने गुन्हा कबूल केला. मुका वकील हा वकील नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या हजेरीने जुलमाला कायदेशीरपणाचा शिक्का मिळतो. त्यानंतरच्या काही वर्षांत ठाण्यावर जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र परीक्षा आणि मान्यतेची पद्धत सुरू झाली. प्रश्न धमकावणीचा असला तर तेथल्या तेथे हरकत घेणे, ती फितीवर नोंदली जाईल अशा स्पष्ट शब्दांत घेणे, आणि वेळ पडल्यास तपासणी थांबवून अशिलाला बाहेर नेणे ही आता सौजन्याची बाब राहिली नसून कर्तव्य ठरले आहे.

ठाण्यानंतर न्यायालय. नव्वद टक्क्यांहून अधिक फौजदारी खटले मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयातच निकालात निघतात. तेथे बहुधा तीन बिनपगारी नागरिक न्यायासनावर बसतात आणि बॅरिस्टरऐवजी सॉलिसिटर स्वतःच बोलतो. जामीन मिळविणे हे तेथील सर्वांत निकडीचे काम, कारण तुरुंगात गेलेल्याची नोकरी आणि भाड्याचे घर निकालाची वाट पाहत नाहीत. मोठ्या खटल्यात मात्र सॉलिसिटर कागद तयार करून, जुन्या रिवाजाप्रमाणे गुलाबी फितीने बांधून, बॅरिस्टराकडे पाठवी. फीत अजून टिकून आहे, कागद बहुतांशी संगणकात गेले. १९९० च्या कायद्यानंतर परवाना घेऊन सॉलिसिटरलाही वरिष्ठ न्यायालयांत उभे राहता येते.

या टप्प्यातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम कोणते म्हणाल, तर सरकारने न वापरलेला पुरावा धुंडाळणे. १९९६ च्या कायद्याने बचावास साहाय्यभूत होणारे कागद उघड करण्याची सक्ती सरकारवर आहे. पण कोणते कागद साहाय्यभूत हे प्रथम ठरविणार पोलीसच. २०१७ साली क्रॉयडनच्या न्यायालयात एका विद्यार्थ्याविरुद्धचा बलात्काराचा खटला मध्येच मागे घ्यावा लागला, कारण फिर्यादी स्त्रीच्या दूरध्वनीतील सुमारे ४०,००० संदेश बचावाच्या हाती पडले ते अगदी शेवटच्या क्षणी, आणि ते वाचताच आरोप कोसळला.

असल्या कामाकडे येतात कोण? एके काळी सॉलिसिटर होणे म्हणजे पाच वर्षे उमेदवारी, आणि तीही भरभक्कम रक्कम मोजून; तेव्हा ज्याच्या बापाकडे पैसा नाही त्याला हा मार्ग बहुधा बंदच. स्त्रियांना तर तो सर्वस्वी बंद होता: ग्वेनेथ बेब या ऑक्सफर्डच्या बुद्धिमान विद्यार्थिनीने १९१३ साली न्यायालयात दाद मागितली, तेव्हा सॉलिसिटरविषयक कायद्यातील ‘व्यक्ती’मध्ये स्त्रिया मोडत नाहीत असे उत्तर तिला मिळाले. १९१९ च्या कायद्याने ही अडचण दूर झाली आणि १९२२ साली कॅरी मॉरिसन पहिली स्त्री सॉलिसिटर झाली. तिने लंडनच्या ईस्ट एंडमधील गरिबांचे वकीलपण पत्करले. आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. नाशकात जन्मलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डनंतर लंडनच्या एका सॉलिसिटरांच्या पेढीत कामाचा अनुभव घेतला आणि १८९६ साली त्या पुण्याच्या सेशन्स कोर्टात खुनाच्या आरोपीच्या बचावासाठी उभ्या राहिल्या, त्या वेळी त्यांच्याजवळ वकिलीची सनद नव्हती. पुढील काळात गॅरेथ पीअर्स या सॉलिसिटरबाईंनी बर्मिंगहॅमच्या बाँबस्फोटांबद्दल चुकीने शिक्षा भोगणाऱ्या सहाजणांची बाजू लढविली. ते १९९१ साली सोळा वर्षांनंतर सुटले. उमेदवारीची जागा नंतर दोन वर्षांच्या प्रशिक्षणाने घेतली आणि २०२१ पासून एक सामाईक परीक्षा आली.

तरुण मात्र या शाखेकडे पाठ फिरवीत आहेत, आणि त्यांना दोष देववत नाही. ठाण्यावरच्या कामाची फी ठरीव, ती २०२२ पर्यंत वर्षानुवर्षे गोठलेली होती, आणि झोप मोडण्याचा वेगळा मोबदला नाही. पाळीवर जाणाऱ्या सॉलिसिटरांचे सरासरी वय सत्तेचाळीस असल्याचे सॉलिसिटरांच्या लॉ सोसायटीने २०१८ साली सांगितले. २०२१ च्या अखेरीस बेलॅमी समितीने फौजदारी खटल्यांतील कायदेशीर मदतीच्या दरात निदान पंधरा टक्के वाढ तातडीने करावी असे सुचविले. सॉलिसिटरांना त्याहून कमी मिळाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारचा तो निर्णय तर्कशून्य ठरविला. ज्या देशाने हा सोन्याचा धागा जगाला दाखविला त्याने तो कातणाऱ्याला उपाशी ठेवावे, ही मला नुसती काटकसर वाटत नाही, कृतघ्नता वाटते.

आपल्या कायद्याने निराळी वाट धरली. पोलिसापुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने ठरविले आणि तेच तत्त्व आजच्या नव्या कायद्यातही कायम आहे. अटकेतील माणसाला तपासणीच्या दरम्यान वकिलाची भेट घेता येते, परंतु संपूर्ण तपासणीभर वकील शेजारी बसविण्याचा हक्क त्याला नाही. ज्याला आपल्याकडील हीच पद्धती ठाऊक, असा मराठी माणूस लंडनात किंवा लेस्टरात चौकशीसाठी बोलावला गेला की ‘मी काही केलेले नाही, मग मला वकील कशाला?’ असे सरळ मनाने म्हणून टाकतो. त्याने तसे म्हणू नये. इंग्लंड-वेल्सच्या पोलीस ठाण्यावर सॉलिसिटर रात्रीबेरात्री, मिळकतीची चौकशी न करता, फुकट मिळतो. तो मागितला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. आणि पहिल्यांदा नको म्हटले असले तरी नंतर कोणत्याही क्षणी तो मागता येतो.